आयासोफियाचे दोन दरवाजे

२ जून २०२५, दम्माम

तिकिटं आली! ईदच्या सुट्टीत इस्तंबूल — मी आणि कौमुदी, आठ वर्षांनी पुन्हा. ती वॉर्डात नर्स, मी लॅबमध्ये. रजा दोघींना एकदम मिळाली हेच नवल.

मागच्या वेळी आयासोफिया म्युझियम होतं. आधी चर्च, मग मशीद, मग म्युझियम. नमाजाला बंदी. मला राहवलं नाही, एका खांबाआड उभी राहिले. रखवालदार धावत आला. कौमुदी त्याच्याशी भांडली — तेही मराठीत! "दोन मिनिटं थांबलास तर काय आभाळ कोसळेल?"

२०२० साली तिथे पुन्हा मशीद झाली. मी आनंदाने स्टेटस टाकला — आणि तो कौमुदीला दिसणार नाही असं सेटिंग केलं. तिला वाईट वाटेल म्हणून! कुणीतरी तिला दाखवलाच. तिला कळलंय हे मला माहीत, आणि दोघीही गप्प.

४ जून

यूनुस म्हणाले, "आता तरी बोल गो. पाच वर्सां झाली." नवऱ्याला सांगायला काय जातं!

८ जून, इस्तंबूल

आता दोन दरवाजे. नमाजींना खाली, पर्यटकांना तिकीट काढून वरच्या गॅलरीत. आम्ही दोघी सौदीच्या सवयीने पायघोळ काळा अबाया घालून गेलेल्या! शिपायाने दोघींनाही नमाजाचं दार दाखवलं. कौमुदी थांबली. "नो, आय ॲम हिंदू." आणि सरळ तिकिटाच्या रांगेत.

मी नमाज पढले. लक्ष कुठलं लागतंय! बाहेर येऊन मीही तिकीट काढलं. वर ती येशूच्या मोझेकसमोर उभी होती. एका दमात सगळं बोलून टाकलं.

"शबनम, तुझ्या आनंदाचा कसला राग गं?" ती म्हणाली. "मला म्युझियमच आवडायचं, ते वेगळं. पण तुझ्या नमाजासाठी भांडलं कोण? ती बातमी तू मला आधी सांगायची होतीस. लपवलीस, ते लागलं."

दोघी रडलो. मग सपाटून भूक लागली! हुश्श. पाच वर्षांनी मोकळा श्वास घेतला.

२१ जून, दम्माम

सकाळी कौमुदी दारात. ड्युटीवर निघालेली. मोबाइल पुढे केला — फायनल एक्झिटचा व्हिसा. पुढच्या महिन्यात कायमची नाशिकला.

"अजून कुणालाच माहीत नाही," म्हणाली. "तुला आधी."