पळालं की घटणारी छाती

लातूर, जिल्हा लातूर
(सवयीनं उस्मानाबाद लिहून खोडलं आहे, राग नसावा)
८ मे १९८३

तीर्थरूप सिद्रामप्पा मामांच्या पायांशी भाचा शरणप्पा याचे शरणार्थ.

मामींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढतात का, की अजून खालूनच हाका मारतात? तुमच्या नांदेडात गोदावरी आहे, म्हणून पाण्याचं विचारत नाही. विचारलं की जीव जळतो. इकडे आम्ही सगळे खुशाल, म्हणजे तीन दिवसांआड आंघोळ करणारी माणसं जितकी खुशाल असतात तितके. मोठ्या थाटात उस्मानाबादेपासून वेगळा जिल्हा झाला, साहेब लोक आले, पाट्या रंगल्या, पाणी तेवढं उस्मानाबादेतच राहिलेलं दिसतं. (अप्पा म्हणतात, तिकडंही नाही. मग गेलं कुठं, हे मला कळत नाही. सध्या मला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत, म्हणून तर हे पत्र.)

नव्या जिल्ह्याला नवे पोलीस हवेत, ते जाहिरातीचं कात्रण तुम्हीच पाठवलंत. भरती दहा दिवसांवर आली आहे. मामा, मला ही नोकरी मनापासून हवी आहे. दुष्काळात दुकानावर कुणी फिरकत नाही, अप्पा गादीवर आणि मी पोत्यावर असे दोघं एकमेकांची तोंडं बघत बसतो, आणि अप्पांनी तर गंजगोलाईच्या बाजारभर सांगून ठेवलंय की पोरगा पोलिसात लागल्यात जमा आहे. आता माघार घ्यायची सोय राहिलेली नाही. पण सरकारच्या अटी दोन आहेत: सोळाशे मीटर सहा मिनिटांत पळायचं, आणि छाती न फुगवता एकोणऐंशी सेंटिमीटर भरली पाहिजे. माणूस एकच आणि त्यानं हरीणही व्हायचं आणि रेडाही व्हायचं.

म्हणून सहा महिन्यांपूर्वी मी दोन गुरू केले, आणि घोळाला तिथूनच सुरुवात झाली. पळण्यासाठी केरबा गुरुजी, रिटायर झालेले ड्रिलमास्तर. "दम हाय तर मानूस हाय, पळ लेका," एवढंच त्यांचं शास्त्र. सोमवार, बुधवार, शुक्रवार ते मला मांजरा नदीच्या कोरड्या पात्रातून पळवतात. (नदीत घोट्याएवढंही पाणी नाही, पण गुरुजी काठावरून ओरडतात, बुडशील, मधून पळू नको. सवय.) छातीसाठी तालमीतले व्यंकटराव वस्ताद. आखाड्यातली माती भिजवायला पाणी नाही, म्हणून कुस्ती बंद आणि नुसते दंड-बैठका. वस्तादांचं म्हणणं, "पळून पळून घोडं बी वाळतंय, तू तर वाण्याचं पोरगं. मांस टिकवायचं तर बूड हलवू नगंस." त्यामुळे दंडाच्या दिवशी ते मला पायी चालूही देत नाहीत. अप्पा मला सायकलवर डबलसीट बसवून दुकानात नेतात. (वय बावीस. लोक बघतात.)

खुराकाचंही तसंच. गुरुजी म्हणतात भिजवलेले हरभरे खा, हलकं राहा. वस्ताद म्हणतात शेरभर दूध पी. म्हैस दोन महिन्यांपूर्वीच आटली आहे, असं सांगितलं तर म्हणाले, मग अंडी खा. अंडी हा शब्द मी घरात नुसता उच्चारला, तर अव्वानं (तुमचीच बहीण) तांब्याभर पाणी माझ्या अंगावर शिंपडून मला शुद्ध करून घेतलं आणि मग पाणी वाया गेलं म्हणून तासभर हळहळत बसली. एकदा टँकर आला तेव्हा मी घागर खांद्यावर घेऊन त्याच्यामागे पार स्टँडपर्यंत पळालो. हे पळण्यात धरायचं की ताकदीत, यावर माझ्या दोन्ही गुरूंची रस्त्यातच जुंपली. मी मान वळवून वळवून दोघांचं ऐकत होतो, तोवर टँकर रिकामा झाला.

आता खरी गोम सांगतो. आपल्या दुकानाला लागून निवृत्ती टेलरचं दुकान आहे. रोज संध्याकाळी ते बनियनवरून माझी छाती मोजायचे आणि दाराच्या फळीवर खडूनं लिहायचे. पळण्याच्या दिवशी साडेअठ्ठ्याहत्तर. दंडाच्या दिवशी एक्याऐंशी. पुन्हा पळालो की साडेअठ्ठ्याहत्तर. मामा, सहा महिने हेच! एका दिवसात अडीच सेंटिमीटर छाती येते कुठून आणि जाते कुठं, या विचारानं माझं डोकं उठलं. वस्तादांनी मिशीला पीळ भरला, "बघा, पळालं की मांस जळतंय." गुरुजींचाही स्वतःवरचा विश्वास इतका उडाला की एकदा गेलो तेव्हा ते घरात दार लोटून गुपचूप दंड काढताना सापडले. मी कधी हळू पळून पाहिलं, कधी अर्धंच पळून पाहिलं, एकदा नुसता पळण्याच्या कपड्यांत जागेवर उभा राहिलो. तरी साडेअठ्ठ्याहत्तर!

गेल्या गुरुवारी निवृत्ती टेलर लग्नाला मुखेडला गेले, म्हणून टेप अव्वानं हातात घेतली. दंडाचा दिवस होता. टेप फिरवता फिरवता ती थांबली. "हे मधी काय लागतंय रे?" म्हटलं, गळ्यातल्या दोऱ्याचा करंडा, इष्टलिंगाची डबी. "मग काल कुठं व्हता?" आणि मामा, माझ्या पायांखालची जमीन सरकली. करंडा छातीवर असतो आणि अंगावेगळा करायचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगू. पण पळताना तो छातीवर आपटतो, म्हणून पळण्याच्या दिवशी मी दोऱ्याला गाठ मारून तो गळ्याशी वर घेतो, तो रात्रीपर्यंत तसाच राहतो. दंडाच्या दिवशी तो आपल्या जागी, बरोबर टेपखाली. अडीच सेंटिमीटर देवाचे होते! टेलर परत आल्यावर विचारलं, तर बिचारे म्हणाले, "देवाला हात कसा लावावा, म्हून वरूनच घेतली टेप. मला वाटलं तुमच्यात असंच मोजतेत."

म्हणजे पळण्यानं माझी छाती कधी घटलीच नव्हती, आणि दंडांनी वाढलीही नव्हती. ती पहिल्यापासून साडेअठ्ठ्याहत्तरच आहे. दोन्ही गुरू सध्या माझ्याशी बोलत नाहीत, एकमेकांशी मात्र बोलायला लागले आहेत. आता अर्धा सेंटिमीटर कमी पडतो आणि घरात दोन तट पडले आहेत. अप्पांना आयुष्यात पहिल्यांदा धर्मशास्त्र सुचलं आहे: "इष्टलिंग अंगावेगळं नसतंय, मग ते अंगातच धरायचं. सरकारनं अंग मोजावं, देवाच्या वाटंला जाऊ नये." अव्वा म्हणते, "देवाला भरतीच्या रांगेत उभं करू नगंस." मला दोघांचंही पटतं, हाच माझा आजार आहे. तर मामा, त्या दिवशी करंडा वर घेऊ की जागेवर राहू देऊ, ते उलट टपाली कळवावं. मामींना नमस्कार.

आपला गोंधळलेला भाचा,
शरणप्पा

ता. क. आज २० मे. वरचं पत्र टाकायला धीर झाला नाही, ते खिशातच राहिलं. भरती झाली. सकाळी पळण्यात माझा पहिला नंबर आला, दुसऱ्यात आणि माझ्यात चांगलं वीस पावलांचं अंतर होतं. मग छाती. टेपवाल्या हवालदारानं करंडा बघितला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, देवाचं हाय," आणि वरूनच टेप टाकायला लागला. मी काहीच करायला नको होतं. पण माझाच हात वर गेला आणि मी करंडा गळ्याशी ओढून धरला. साडेअठ्ठ्याहत्तर. "पुढचा." असं का केलं, ते मला अजून कळलेलं नाही.

ता. क. दुसरा. घरी सांगितलंय की निकाल मागाहून लागणार. अप्पांनी पेढे सांगून ठेवले आहेत, माझ्याच्यानं त्यांच्याशी बोलवत नाही. मामा, तुम्ही येऊन जा. ते तुमचं ऐकतात. त्यांना सांगा की हवालदारानं टेप फार आवळून धरली. करंडा मी ओढला हे सांगू नका, कारण त्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं दोऱ्याची गाठ सोडून तो माझ्या छातीवर बरोबर मधोमध बसवून दिला होता. अव्वाला मात्र खरं सांगा.