फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या दोन, उजेड भरपूर. घरमालकीण मावशी फार लाघवी. बॅग खाली ठेवायच्या आत चहा हातात. त्या साथीच्या वॉर्डातले कपडे धुतात आणि मी त्याच वॉर्डातल्या रुग्णांचे संपर्क शोधणार, म्हणजे आपण दोघी एकाच गाड्याला जुंपलेल्या, असं म्हणून खळखळून हसल्या. रविवारी माझा नवरा चिमणीला आणून सोडेल. चार वर्षांची पोर, आठवडाभर आईविना! मावशींनी तिच्यासाठी छोटी उशीसुद्धा शिवून ठेवली आहे.

५ तारीख, बुधवार
फॉर्म म्हणजे डोक्याला ताप. एमपॉक्सच्या, म्हणजे पूर्वीच्या मंकीपॉक्सच्या, रुग्णाला विचारायचं, गेल्या एकवीस दिवसांत कोणाशी शरीरसंबंध आला? झालं, संपला फॉर्म. आज वॉर्डातल्या एका सुताराच्या दोन्ही मुलांच्या अंगावर फोड दिसले. मुलं बापाच्या अंथरुणात झोपतात, टॉवेल सगळ्यांना एकच. हे लिहायचं कुठे? आमचे आरोग्य अधिकारी साहेब म्हणाले, ही जुन्या प्रकारची साथ, मोठ्यांतच फिरते. मुलांना कांजिण्या असतील. मी म्हटलं, नवा प्रकार घरात शिरला की मुलांनाही सोडत नाही, आणि अंथरुणातून तर जुनाही लागू शकतो. त्यावर त्यांनी सांगितलं, रुग्णाच्या फोडाचा नमुना तपासणीला गेलाय, तोवर अक्कल पाजळू नका.

नमुना फ्रीजमध्येच आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

७ तारीख, शुक्रवार
वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांचे फॉर्म. मावशींचाही मीच भरला. प्रश्न ऐकून त्यांनी तोंडावर हात ठेवला. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, काहीतरी बरं विचार गं बाई, म्हणाल्या. मलाही हसू आवरेना. ‘संपर्क नाही.’ खाली माझी सही. लस मोजकी आहे, त्यामुळे त्यांचं नाव यादीतून कमी झालं.

९ तारीख, रविवार
चिमणी आली! तासाभरात मावशींच्या मांडीवर. मी कामावर असताना ती त्यांच्याकडेच राहील. माझी मोठी काळजी मिटली.

१४ तारीख, शुक्रवार
नमुना अजून फ्रीजमध्ये. पाठवायला योग्य खोकं नाही म्हणे. साहेबांशी कडाक्याचं भांडण. भिंतीशी बोललेलं बरं. घरी आले तर मावशींच्या मनगटावर फोड. इस्त्रीचा चटका, म्हणाल्या. मलम लावून दिलं. चिमणीने त्यावर फुंकर घातली.

१८ तारीख, मंगळवार
वॉर्डामागच्या अंगणात आज पहिल्यांदाच गेले. मावशी रुग्णांच्या चादरी धुण्याआधी झटकत होत्या, उघड्या हातांनी. खपल्या उडत होत्या. न झटकता टाकलं की यंत्राची जाळी तुंबते, असं त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं हेच करतात. मनगटावर आता पाच फोड. इस्त्री नव्हेच ती. चादरींचं मी विचारलंच नव्हतं. फॉर्ममध्ये नव्हतं म्हणून विचारलं नाही.

रोज दुपारी चिमणी त्यांच्या कुशीत झोपते.

१९ तारीख
मावशींना वॉर्डात घेतलं. जाताना त्या मलाच धीर देत होत्या. चिमणीसाठी लस मागितली. लहान मुलांना साहेबांच्या सहीशिवाय नाही. साहेब बैठकीला.

२० तारीख
साहेब बैठकीला. मी दाराशी बसून रडले. रागाने, दुसरं काही नाही.

२२ तारीख
भांडणानंतर एकदाच्या पाठवलेल्या नमुन्याचा निकाल आला. नवा प्रकार. साहेबांनी नवे फॉर्म मागवलेत. फॉर्म!
चिमणीचं अंग सकाळ-संध्याकाळ तपासते. अजून काही नाही. मानेला गाठ — की माझ्याच मनाचे खेळ —

२४ तारीख
ताप. चिमणीचा नवा फॉर्म समोर आहे. अंथरुणाचा रकाना आहे, टॉवेलचा आहे, चादरीचाही. सगळं आहे आता. वय चार. संपर्क, मावशी. मावशींची तपासणी कोणी केली — सही माझी —

हात धुऊन आले. पुन्हा बघते. पाठ स्वच्छ. पोट स्वच्छ. पायाचे तळवे स्वच्छ. उजवा तळहात स्वच्छ —

डावी मूठ उघडत नाही. तिला खेळ वाटतोय. हसतेय. आत काय आहे ओळख, म्हणते — चिमणे, उघड ना गं — उघड —