सूनबाई, आहेस का?

मामंजी, तुम्ही गेलात तरी तुमचा खोका अजून चालतोय. त्याला कॉम्प्युटर म्हटलं की तुमचा नातू पुण्याहून फोनवर हसतो आणि म्हणतो, आई, भंगारात दे तो. पण छतावरच्या सोलर प्लेटा ऊन खातात, जिन्याखालच्या बॅटऱ्या ते साठवून ठेवतात, आणि गलीतली बिजली गेली तरी तुमच्या खोलीत त्याचा पडदा हिरवागार जळत असतो. अंधारात तेवढी एकच खिडकी दिसते म्हणून राजा घाटावरून वर येणारी पोरं आपल्या दारापाशी आली की पळत सुटतात. मी वरून ओरडते, डरो मत, बाबूजी पढ़ रहे हैं. मग तर चपला टाकून पळतात.

हे गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही मला त्या खोक्यासमोर स्टुलावर बसवलंत. मी गावच्या शाळेत सातवी झालेली, तुम्ही युनिव्हर्सिटीत जन्मभर कॉम्प्युटर सांभाळून रिटायर झालेले. तुम्ही सांगायचात, जे जोडलेलंच नाही ते फोडता येत नाही, म्हणून या खोक्याला इंटरनेट कधी लावायचं नाही. पासवर्ड दोघांना ठाऊक झाला की ती बातमी झाली. मी विचारलं, मग विश्वनाथापुढे मनातलं सगळं कशाला बोलता? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, सूनबाई, कीबोर्डकडे बघ. माझी मतं अजून तीच आहेत हो. फोनवर कुणी 'माताजी, ओटीपी बताइए' म्हणाला की मी म्हणते, बेटा, आधी तुझ्या आईचं नाव सांग, तिला विचारते तू जेवलास का. लगेच फोन ठेवतो. आणि आता लोक भाजी काय करू हेसुद्धा फोनला विचारतात. त्या उत्तरासाठी कुठेतरी केवढीतरी यंत्रं वीज खात बसतात म्हणे. भाजी काय करू हे जेवणाऱ्याला विचारावं. माझ्या घरी जेवणारा उरला नाही ही गोष्ट वेगळी.

खोका कशासाठी मांडला ते मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत, पण मला कळलं होतं. हे त्या दिवशी वरच्या खोलीत सकाळीच वारले होते. तुम्ही आणि मी खालीच होतो, आणि संध्याकाळपर्यंत दोघांना वाटत राहिलं, झोपलेत. म्हणून तुम्ही हे जमवलंत. दिवेलागणीला पडद्यावर दोन प्रश्न येतात. एक तुमचा, 'मी आहे का?' एक माझा, 'सूनबाई, आहेस का?' ज्यानं त्यानं आपला गुप्त शब्द लिहायचा, की खाली 'आहे' उमटतं. घाटावरची आरती संपेपर्यंत दोघांपैकी एकाचा जरी शब्द आला नाही, तर खालच्या पानवाल्याच्या दुकानात घंटी वाजते आणि तो वर बघायला येतो.

तुम्ही गेलात, तशी घंटी रोज वाजायला लागली. बंद कशी करणार, तुमचा शब्द कुणाला ठाऊक? मी सासूबाईंचं नाव लिहून पाहिलं, शंकराची सगळी नावं लिहिली, एकदा चिडून जिलेबी लिहिलं. पानवाला मात्र रोज जिना चढायचा. दारातून म्हणायचा, "भौजी, बाबूजी की घंटी बज गई, चाय चढ़ाइए." वर्षानुवर्षं तुमच्या नावानं तो चहा प्यायला आणि मला दिवसातून एकदा बोलायला माणूस मिळाला.

या कार्तिकात घंटी थांबली. मी जाऊन बघितलं, तर 'मी आहे का?' याच्या खाली लिहिलं होतं, आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. मुलाला फोनवरून पडदा दाखवला. तो हसला नाही. म्हणाला, आई, बाहेरून कुणी शिरूच शकत नाही, खोलीत येऊन कुणीतरी शब्द लिहितंय. खोलीची किल्ली माझ्या कमरेला, कीबोर्डवर तुमच्या जुन्या पंच्याचं झाकण, तेही सरळच्या सरळ. पानवाल्यानं हात जोडले, म्हणाला बाबूजींना मुक्ती मिळाली. मी म्हटलं, मुक्ती मिळालेला माणूस टायपिंग कशाला करेल? तो हसला, पण घंटी नाही म्हणून वर यायचाही बंद झाला.

मग परवा मी छतावर प्लेटा पुसायला गेले आणि पाय सरकला. कंबर अशी लागली की उठता येईना. उताणी पडलेय, मणिकर्णिकेकडचा चितांचा धूर वरून चाललाय, घाटावर आरती सुरू झालीय. मी घाबरले नाही. म्हटलं, आता प्रश्न येईल, मी नाही, घंटी वाजेल, तो येईल. आरती संपली. खाली त्याचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग बसल्या बसल्या एकेक पायरी उतरले. तुमच्या खोलीचं कुलूप काढलं. 'सूनबाई, आहेस का?' याच्या खाली लिहिलं होतं, आहे.

माझा शब्द म्हणजे ह्यांचं नाव, मामंजी. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. वाटलं, मी जे बोलतच नाही ते चोराला कुठून कळणार? पण ते नाव ठेवलेलं तुम्हीच. तुम्ही लिहिलंत, की ज्यांचं नाव आहे त्यांनी, ते मला कळत नाही. पण माझ्या वतीनं कुणी 'आहे' म्हणत राहिलं तर मी मरून पडले तरी इथं कुणाला पत्ता लागणार नाही. ज्या भीतीनं तुम्ही हा खोका मांडलात, तीच आता खोक्यात येऊन बसलीय.

काल पानवाल्याला सांगितलं, घंटी वाजो न वाजो, रोज चहाला यायचं. मग शब्द बदलायला बसले. जुना लिहिला, नवा विचारला, आणि बोटं चालेनात. तसाच ठेवला.

हे सगळं याच खोक्यात लिहितेय. इथून कुठं पाठवायची सोय तुम्हीच ठेवली नाहीत, तेव्हा पुसून टाकीन. एक सांगायचं राहिलं. शब्द मी आता लगेच लिहीत नाही, आधी तुमच्यापैकी कुणी लिहितंय का ते बघते. कंबर दुखते, पण येऊन बसते. दिवे लागलेत, प्रश्न आलाय. पंचा बाजूला केलाय आणि हात मांडीवर ठेवून बसलेय.