समक्ष फोडलेल्या कॉम्प्युटरची दुरुस्ती

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा नमस्कार. (खांदा धरल्यामुळे साष्टांग जमत नाही, वाकता येईल तेवढं वाकलो आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईकडे जाऊन दोन महिने झाले. जावयाला शिस्त लावून संपली असेल, तर आता परत यायला हरकत नाही. खरं तर फोनच करणार होतो, पण नको तो विषय निघाला की तुम्हाला ऐकू येईनासं होतं, हा अनुभव जुना आहे. म्हणून हे पत्र.

माझ्या दुकानाची अवस्था तुम्ही जाणताच. टीव्ही बिघडला तर लोक नवा आणतात. माझ्याकडे येतात ते शेजारच्या दवाखान्याचा पत्ता विचारायला. अशात महिन्यापूर्वी आमचा नेहमीचा भंगारवाला गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड हातगाडीवरून घेऊन आला. सोडून बघतो तर काय, कॉम्प्युटर! तुमच्या ऑफिसात काचेपलीकडे होता ना, तस्साच. (मी सहावीत होतो. काचेला नाक लावलं म्हणून तुम्ही मला कान धरून बाहेर काढलं होतं.) पंख्याच्या तीन जळक्या मोटारी देऊन घेतला. आता मी पडलो कारागीर, असलं काही दिसलं की हात शिवशिवतात. आत पालीची अंडी होती, ती काढली. फुगलेले कपॅसिटर बदलले, तडकलेले टाके पुन्हा झाळले, वीजपुरवठ्याची बाजू तर सगळी नव्यानेच बांधली. तीन आठवडे घरी जेवायला वेळेवर गेलो नाही. आणि एका दुपारी पडदा उजळला, मामा! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. (थोडा धूरही होता.)

इथेच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण म्हटलं, आतून एवढा छान झालाय, मग बाहेरून असा कळकट का? मागे कसलंसं जुनं लेबल आणि आकडे होते, ते थिनरने घासून साफ केले आणि खोका गॅरेजवाल्याकडून रंगवून आणला. त्याच्याकडे कुणाच्या तरी गाडीचा फिरोजी उरला होता. झकास दिसतो. मग ऐटीत तंत्रसंग्रहालयाच्या बाईंना बोलावलं. बाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, अशी यंत्रं मोजून पाच बनली होती, चार कधीच नाहीशी झाली आणि पाचव्याचा तुम्ही फ्रिज केलात! त्यांना म्हणे मूळ रंगच हवा होता, मूळ मळ हवा होता, आणि ते लेबल तर सगळ्यात आधी हवं होतं. आता यंत्र कुठून कुणाकडे गेलं याचा पुरावा मिळाला तरच संग्रहालय ते घेणार, आणि घेतलं तर त्यांच्या कोठारात बंद पडलेली अकरा यंत्रंही दुरुस्तीला माझ्याकडेच येणार. म्हणजे दोन वर्षांचं काम. नाहीतर दुकानाला कुलूप. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला रात्री झोप लागत नाही.

बाई चिवट. त्यांनी तुमच्या जुन्या ऑफिसच्या दप्तरातून एक कागद शोधून काढला. 'सदर यंत्र निकामी झाल्याने माझ्या समक्ष घणाने फोडून नष्ट करण्यात आले.' खाली तुमची सही, तीच शेपटीवाली. म्हणजे कागदोपत्री माझ्या टेबलावर काहीच नाही! मी बाईंना ठणकावून सांगितलं, आमच्या मामांची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ज्या माणसाने ऑफिसची बोटभर पेन्सिल घरी नेली म्हणून सख्ख्या भाच्याला शिपायाची माफी मागायला लावली, तो खोटं लिहील? बाई नुसत्या हसल्या. त्यांना अजून तुमची ओळख नाही.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार, जावईबापूंना धीर.

तुमचा आज्ञाधारक (पेन्सिलवाला) भाचा

ता. क. भंगारवाल्याला खोदून विचारलं, माल कुठला. म्हणाला, निळं फाटक, जिन्याखालचा माळा, म्हातारे गावाला गेलेत आणि घरच्या आजी म्हणाल्या घेऊन जा, गोणपाटासकट. असं निळं फाटक आपल्या नात्यात एकच आहे. तरी 'यंत्र फोडले नाही, घरी नेले' एवढं एका ओळीत लिहून खाली सही करून पाठवावी. शेपटीसकट.

ता. क. दुसरा. वरची ओळ आता नको. मामी स्वतः दुकानात आल्या आणि लेखी जबाब देऊन मोकळ्या झाल्या. माळ्यावर ऑफिसचे जुने कागद आहेत असं तुम्ही अडतीस वर्षं सांगत आलात. पण त्या बहिणीकडून परतल्या की घरभर धूळ असायची आणि गोणपाट तेवढं झटकलेलं. बायकांना कळत नाही असं तुम्हाला का वाटतं, हे त्यांनी मला विचारलं. प्रश्न तसाच तुमच्याकडे पाठवतो आहे.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. बाई गुरुवारी यंत्र चालताना बघायला येणार आहेत. पडदा उजळतो हे खरं, पण लगेच परवलीचा शब्द मागतो आणि तिथेच अडून बसतो. बाई म्हणतात, बायकोचा जबाब म्हणजे घरचीच साक्ष. तो शब्द ज्याला ठाऊक, त्याच्याकडेच यंत्र होतं, यापेक्षा मोठा पुरावा नाही. तुमचं नाव घालून पाहिलं, ताईचं पाहिलं, ऑफिसचंही पाहिलं. मग मामींनी मोठ्या खात्रीने स्वतःचं घालायला लावलं. तेही चूक निघालं. तेव्हापासून त्या यंत्रासमोर स्टूल टाकून बसल्या आहेत आणि तुमच्या ओळखीतल्या बायकांची नावं एकेक करून घालताहेत. शेजारणी संपल्या, आता ऑफिसातल्या टायपिस्टवर आल्या आहेत. मिळेल त्या गाडीने निघावं.