ईराचं वक्तृत्व

१ डिसेंबर, रविवार
शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली. आमच्या संस्थेच्या महाड आणि पोलादपूरच्या पाच शाळांच्या स्पर्धा २१ तारखेला पोलादपुरात. वक्तृत्व, चित्रकला, समूहगीत, लंगडी. एका मुलाला एकच स्पर्धा.
आमची ईरा तिसरीत आहे. हेच वय असतं. मी आठवीत वक्तृत्वात उत्तेजनार्थ होतो, म्हणजे रक्तात आहेच. तिची आई विनोदिनी म्हणाली, आधी ईराला विचार. विचारलं. ती कार्टून बघत होती. मान हलवली. वक्तृत्व फायनल.
उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला दोघांनी उठायचं. उच्चार, श्वास, पाठांतर. टाइमटेबल फ्रिजवर लावलं.

२ डिसेंबर, सोमवार
सात दहाला उठलो. कंपनीची बस गेली. बाइकने एमआयडीसी गाठली, तरी लेट मार्क. ईरा स्वतःच उठून, आवरून शाळेत गेली होती. तिचं टायमिंग चांगलं आहे, हे लक्षात आलं. टाइमटेबल संध्याकाळी शिफ्ट केलं.

५ डिसेंबर, गुरुवार
विषय तीन होते. माझी आई, माझे गाव, पाणी. पहिले दोन सगळेच घेतात. आपण पाणी घेतलं. भाषण मीच लिहिलं. लॅबमध्ये रोज पाणीच तपासतो, त्यामुळे अधिकारवाणी आपोआप आली. वेळ तीन मिनिटं आहे, माझं अकरा मिनिटं होतंय. एक शब्द काढण्यासारखा नाही.
ईराने विचारलं, जलव्यवस्थापन म्हणजे काय. पंचवीस मिनिटं समजावलं. मग तिने विचारलं, मी पाणी पिऊन येऊ का. विषयाशी एकरूप झाली आहे.

९ डिसेंबर, सोमवार
पाठांतर सुरू. पोरीला दोन पायांवर उभं राहून बोलताच येत नाही. एका पायावर हॉलभर उड्या मारत म्हणते, असं म्हटलं की लक्षात राहतं. मी स्टेजवरच्या बॉडी लँग्वेजवर बोललो. दोन्ही गुडघे खरचटलेले. विचारलं तर म्हणाली, नाते गावची अक्षदा आहे ना वर्गात, तिच्याबरोबर खेळताना पडले. स्पर्धा होईपर्यंत खेळ बंद, असं सांगितलं. तिने पुन्हा मान हलवली. ऐकणारी मुलगी आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार
प्रॅक्टिसच्या वेळेला ईराचं पोट दुखलं. या आठवड्यात तिसऱ्यांदा. बहुतेक डब्यातल्या कोबीमुळे. विनोदिनी मेडिकलमध्ये काम करते, म्हणून तिला औषध विचारलं. म्हणाली, तू कागद हातात घेतलास की दुखतं, ठेवलास की थांबतं, याला माझ्या दुकानात औषध नाही. थट्टेचा स्वभाव आहे तिचा. कोबी बंद केला.

१६ डिसेंबर, सोमवार
शाळेत गेलो. मांडवकर बाई वर्गशिक्षिका. वेळेची मर्यादा वाढवा, हे सांगायचं होतं. बाई म्हणाल्या, बरं झालं आलात, ईराबद्दल जरा बोलायचंच होतं. म्हटलं, आधी माझे मुद्दे. मुद्दे नऊ होते. सातव्याला घंटा झाली.
दुपारी बाईंचे दोन मिस्ड कॉल. फोन कंपनीच्या लॉकरमध्ये होता. मुद्दे पटले असणार.

२० डिसेंबर, शुक्रवार
रजा मंजूर. शर्टला इस्त्री केली, ईराच्या फ्रॉकलाही. ती म्हणाली, उद्या युनिफॉर्मच घालायचाय. साधेपणाही प्रभावी ठरतो. विनोदिनी काहीतरी सांगायला आली. म्हटलं, आता निगेटिव्ह काही नको, उद्या बोलू. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

२१ डिसेंबर, शनिवार
मुलं शाळेच्या बसने पुढे गेली. मी बाइकवर मागून. हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलो. आमच्या शाळेतर्फे तिसरीचा निषाद उभा राहिला. तोही पाण्यावरच बोलला. आमचे बाबा दाढी करताना नळ चालू ठेवतात, म्हणाला. हॉल हसला, टाळ्या पडल्या. दोन मिनिटांत खाली उतरला.
मी ईराचं नाव पुकारायची वाट पाहिली. पुकारलं नाही. यादी संपली. परीक्षकांकडे जाऊन ऑब्जेक्शन घेतलं. मांडवकर बाईंनी दंडाला धरल्यासारखं करत बाहेर आणलं. म्हणाल्या, ईराने दोन तारखेलाच लंगडीत नाव दिलंय. फॉर्मवर तिच्या आईची सही आहे. तुम्हाला सांगायला आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केला.
मैदानावर गेलो.
फायनल चालू होती. ईरा लंगडी घालत होती. ही मुलगी मी कधी पाहिलीच नव्हती. चार जणींना बाद केलं होतं, पाचवी हाताच्या अंतरावर. अख्खी शाळा ओरडत होती. मीही ओरडलो, ईरा!
तिने वळून पाहिलं. चेहरा एकदम उतरला. दुसरा पाय जमिनीला टेकला. बाद.
शेजारी अक्षदाचे आजोबा महिपती उभे होते. नाते गावाहून सकाळच्या एसटीने आलेले. म्हणाले, "सायब, पोरीला खेळाचं भ्या नाय. तुमचं हाय. अजून एक डाव हाय, जरा त्या टाकीमागं जावा."
मी कंपनीत सहा माणसांचा इन्चार्ज आहे. गेलो.
ईरा मला जाताना बघत होती. पाण्याच्या टाकीमागून काही दिसत नाही. नुसतं ऐकू येतं. शिट्टी. आरडाओरडा. मधेच शांतता. तेव्हा पोटात कळ आली. कोबी खाल्लेला नव्हता. मग एकदम मोठा गलका. कोणाचा ते कळेना. शेवटी महिपती टाकीला वळसा घालून आले. म्हणाले, "जिंकल्या! तुमचीनं सात धरल्या."
मी बाहेर आलो तेव्हा पोरींनी ईराला उचललं होतं. ती हसत होती. मला बघून थांबली. मी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. खूप वेळ. मग ती परत हसली. आधीइतकं नाही, पण हसली.

२२ डिसेंबर, रविवार
फ्रिजवरचा कागद काढला. विनोदिनीने चहा आणून दिला.
दुपारी ईरा गुडघ्याला मलम लावत बसली होती. आज नीट विचारलं. टीव्ही बंद करून, तिच्यासमोर जमिनीवर बसून. पुढच्या वर्षी मी तुझी मॅच बघायला आलो तर चालेल का.
ती विचारात पडली. मलमाचं झाकण दोनदा लावलं, काढलं.
मग म्हणाली, ये, पण टाकीमागे.
हो म्हटलं. तिथे सावलीही असते.