पहिला चीक

गडमुडशिंगी, रविवार, संध्याकाळ

देवा, माफ कर. रोज चहाच्या आधी तुला लिहितो, आज संध्याकाळ झाली.

पहाटे म्हैस व्याली. पहिलं ते देवाचं, म्हणून पहिला चीक सगळा पिळला आणि उपासनेआधी चर्चला घेऊन गेलो. रेडकाला थेंबसुद्धा ठेवला नाही. पाळकसाहेबांनी किटलीत बघून विचारलं, "मामा, रेडकू प्यालं काय?" मी नाही म्हणालो. "मग हितं काय करताय? आधी त्याला पाजा जावा की."

उपासना सोडून परत आलो. बायको गोठ्यातच होती. म्हणाली, "देवाला खरवस खायचा हुता व्हय?" तोच चीक बाटलीनं पाजला, पण रेडकू काही उठेना. तेव्हापासून त्याच्यापाशी बसलोय.

सगळा कशाला पिळला? निम्मा ठेवला असता तर तू रागावला असतास? की चार माणसांनी माझी भरलेली किटली बघावी म्हणून... तसंच असेल. रेडकूही तुझंच, एवढं मला कळू नये?

आत्ता त्यानं मान उचलली आणि परत टाकली. त्याला पायावर उभं कर, देवा. मी इथंच बसलोय, काय ते लवकर कळव.