बारवी लूप, मध्यम श्रेणी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार
हेमांगी तीन आठवड्यांसाठी घरी आलीये. नंतर जर्मनी. दोन वर्षांची नोकरी, पुढचं कोणालाच माहीत नाही. म्हणाली, बाबा, जायच्या आधी आपण दोघं एकदा सायकलवर बारवीला जाऊया. लगेच हो म्हटलं. डोंबिवली, काटई, बदलापूर, बारवी धरण, मुरबाड, कल्याण, परत घर. ऐंशी किलोमीटर. मधे गावं, जंगल, बारीक चढ-उतार. नेटवर याला ‘मॉडरेट’ म्हणतात. माझ्यासाठी इझीच. कॉलेजात असताना शीळफाट्यापर्यंत, म्हणजे चांगले दहा किलोमीटर, न थांबता गेलेलो.
संकल्प: उद्यापासून पहाटे साडेपाच. रोज वीस किलोमीटर.

२७ ऑक्टोबर, सकाळी ९.१०
आत्ता उठलो. प्रॅक्टिसपेक्षा प्लॅनिंग महत्त्वाचं. लोक नुसते निघतात आणि मग रस्त्यात बसतात. किळस येते असल्या लोकांची.

२९ ऑक्टोबर
एक्सेल शीट तयार. अठरा कॉलम. अंतर, चढ, पाणी, केळी, वाऱ्याची दिशा. हेमांगीने सगळं नीट बघितलं आणि विचारलं, यात निघायची तारीख कुठे आहे. या पिढीला फक्त रिझल्ट हवा.

१ नोव्हेंबर
सायकल बाल्कनीतून ओढून काढली. हँडलवर पायपुसणी वाळत घातलेली. सीटवर कबुतरांनी जे करून ठेवलंय ते लिहिण्याजोगं नाही. घाणेरडा पक्षी. शुभदा म्हणाली, अकरा वर्षं निदान त्यांनी तरी वापरली.
बायको असून असं बोलते.

२ नोव्हेंबर, रविवार
ट्रायल राईड. टार्गेट काटई नाका. मानपाड्यापर्यंत गेलो. धूळ, खडी, डंपर, राँग साईडने येणारे रिक्षावाले, त्यातला एक माझ्या पुढ्यात थुंकला. परत फिरलो. मुद्दाम. फुप्फुसांचा विचार करायला हवा. वाटेत मिसळ. तर्री म्हणजे नुसतं तेल. एनर्जी म्हणून दोन प्लेट खाल्ल्या.

५ नोव्हेंबर
शुभदाचा भाऊ सुदेश आलेला. ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहतो, दर रविवारी सायकलने येऊरच्या डोंगरावर जातो, आणि जगाला ते सांगतो. अंगाला चिकटलेले कपडे, चड्डीत फोम. तसाच आमच्या सोफ्यावर बसला. म्हणाला, भाऊजी, शीट बंद करा आणि निघा. नाहीतर मी नेतो तिला. मी स्पष्ट सांगितलं, तिने मला विचारलंय.
तो गेल्यावर सोफा पुसला.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६.१५
राईड रद्द. वारा समोरून आहे. हेमांगी साडेपाचपासून बूट घालून हॉलमध्ये बसलेली. तिला कॉलम चौदा समजावला. ठीके म्हणाली. बूट काढले आणि दोघांसाठी चहा केला. चहात साखर कमी.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मंगळवारी ती जाणार. म्हणजे राईड उद्याच. आकाश स्वच्छ. वारा नाही. गुडघा सगळ्या बाजूंनी दाबून बघितला, कुठेच दुखत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ४
बदलापूरपर्यंत उत्तम परफॉर्मन्स. सव्वादोन तास. बदलापूरच्या पुढे जंगल लागलं आणि पहिला चढ. अर्ध्यात उतरलो. हेमांगीला सांगितलं, जरा रस्त्याची क्वालिटी बघतो. ती पण उतरली. दोघं सायकली ढकलत चालायला लागलो. रस्त्याकडेला वेफर्सची पाकिटं, बाटल्या, कोणाचा तरी डायपर. पिकनिकला येणारी माणसं जनावरांपेक्षा वाईट.
मधेच ती म्हणाली, बाबा, तू एकदाही म्हणाला नाहीस, जाऊ नको म्हणून. आईने दहा वेळा म्हटलं. तुला काय वाटतं तेच मला कळत नाही.
मला दम लागलेला. बोलता येईना. हाताने खूण केली, नंतर सांगतो.
वर एक बाई काकड्या विकत होती. सगुणाबाई. माझ्याकडे बघून म्हणाली, बस रं दादा जरा, तोंड कालं परलंय तुजं. हेमांगीला म्हणाली, बापाला वारा घाल. तिने एक्सेलच्या प्रिंटआउटने वारा घातला. परक्या बाईसमोर बोलणं बरं दिसलं नसतं. म्हटलं, उतारावर सांगू.
उतारावर ती पुढे निघून गेली. मी ब्रेक धरून.
खाली थांबलेली. विचारलं, जमेल का पुढे. मी म्हटलं, पुढचा रस्ता शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही. ती हसली नाही. एका टेम्पोला हात केला. टेम्पो कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यांचा. दोघं मागे बसलो, सायकली मांडीवर. तास-दीड तास. पिसं तोंडावर. वास असा की बोलायला तोंड उघडणं शक्य नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ११
हेमांगी गेली. एअरपोर्टवर शुभदा रडली. सुदेशपण रडला, सगळ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत. मला असलं जमत नाही.
शुभदाने कोपराने ढोसलं. म्हणाली, काहीतरी बोला तिच्याशी.
काय बोलायचं ते पाठ होतं. दोन दिवस बाथरूममध्ये म्हणून बघितलेलं. हेमांगी समोर येऊन उभी राहिली, ट्रॉली सोडून, दोन्ही हात मोकळे.
मी म्हटलं, उताराला पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही.
तिने ट्रॉली परत धरली. मग म्हणाली, बरं बाबा. आणि आत गेली.